थोरला आणि शेंडेफळ

माणिकअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी घराच्या मागं जायचे. पुढच्या दारात "या, बसा" म्हणणारा माणूस उभा, आणि अण्णा चप्पल न काढता गोठ्याला वळसा घालून थेट उकिरड्यापाशी. तिथं गंजका पत्रा, मोडका नांगर, फाटलेलं टायर असं काहीबाही पडलेलं असायचं. ते सगळं काठीनं उलथंपालथं करून झालं की मग पुढं येणार, पाय धुणार आणि चहा घेणार. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या घरची बाई आतून ओरडली, "अवं पाव्हणं, बाथरूम हिकडं हाय!" अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. मला म्हणाले, "सर, पुढच्या दारात माणूस इस्त्रीचं ठिवतो. काम केल्यालं समदं मागं असतंय."

मी उमरग्याच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायला आलो तेव्हा हायवेवरच्या त्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खाली, दुकानाच्या मागच्या बाजूला, ते आणि त्यांची बायको राहायचे; त्यांना मी काकू म्हणायचो. दुकान म्हणजे ट्रॅक्टरची शोरूम, म्हणजे एकेकाळची. शटरच्या वर 'वृषभ ट्रॅक्टर' अशी पाटी आणि शिंगं रोखलेला निळा बैल अजून होता. कंपनी कधीच बंद पडली होती आणि आत कुणाची तरी सिमेंटची पोती भरलेली होती. मी एकदा म्हटलं, "अण्णा, पाटी तरी काढा." तर म्हणाले, "सासर मोडलं म्हणून कुणी कुंकू पुसतं व्हय?" त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हाही नीट लागला नव्हता, पण ते ज्या ठसक्यात बोलले त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

ट्रॅक्टर विकला असं ते कधी म्हणत नसत. 'दिला' म्हणत. माकणीला दिला, तामलवाडीला दिला. बाजारात जुनं गिऱ्हाईक भेटलं की विचारायचे, "नांदतोय का नीट?" आणि गिऱ्हाईकही सासऱ्याला सांगावं तसं खालच्या मानेनं सांगायचं, "नांदतोय की अण्णा. जरा धूर करतोय." कंपनीनं बांधलेला सगळ्यात पहिला ट्रॅक्टर त्यांच्या लेखी 'थोरला' आणि कारखान्यातून बाहेर पडलेला सगळ्यात शेवटचा 'शेंडेफळ'. या दोघांना शोधत ते जिल्हाभर फिरत होते. गाव त्यांना येडा म्हणायचं, पण समोर नाही.

शेंडेफळ तर त्यांच्याच घरचं होतं. कारखान्याला कुलूप लागणार हे कळल्यावर एकही विक्रेता नवा माल उचलेना. शेवटचा ट्रॅक्टर बाहेर पडला तेव्हा कामगारांनी त्याला हार घातला, बॉनेटवर खडूनं 'राम राम' लिहिलं आणि तो तसाच आवारात उभा राहिला. अण्णांनी तो आणला. "शेंडेफळ कुणी उन्हात टाकतं व्हय?" म्हणाले, आणि माकणीच्या आपल्या शेतावर ठेवला. तोच ट्रॅक्टर महेशच्या अंगावर उलटला. महेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा.

हे सगळं मला एकदम कळलं नाही. भाडेकरूला घरमालकाच्या घरातलं जसं तुकड्यातुकड्यानं कळत जातं तसं कळलं. पण पुढचं समजायला एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, एक डाव्या चाकाचं आणि एक उजव्या. रानात वळताना एकच दाबायचं, म्हणजे ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडलं एकत्र दाबली गेली पाहिजेत, म्हणून त्यांना जोडणारी एक लोखंडी कडी असते. ती उघडी राहिली आणि वेगात असताना एकाच पेडलवर पाय पडला, तर एक चाक थांबतं, दुसरं पळत राहतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरून उलटतो. अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाकडून किल्ली देण्याआधी म्हणून घ्यायचे, "रस्त्यावर कडी, रानात मोकळी." पाढ्यासारखं. ज्याला म्हणता आलं नाही त्याला ते चहा पाजून पुन्हा म्हणायला लावत.

आणि याच अण्णांनी दुसरीही एक रीत लावली होती. बैल विकून ट्रॅक्टर घेतलेल्या माणसाला पोळ्याच्या दिवशी घर खायला उठतं. दावणीला कुणी नाही, पुरणाची पोळी चारायची कुणाला? अण्णांनी त्यावर तोडगा काढला. आदल्या दिवशी, खांदेमळणीला, बॉनेटला हळद-तेल लावा, पोळ्याला हार घाला, आणि बैलाच्या मानेवरचं जू काढता तशी याची कडी काढा. एक दिवस त्यालाही मोकळं करा. लोकांना हे फार आवडलं. म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ट्रॅक्टर खपायचे ते वेगळंच. आजूबाजूच्या गावांत ही रीत इतकी रुजली की ती कुणी लावली हेही पोरासोरांना ठाऊक राहिलं नाही.

महेश गेला त्या वर्षी पोळ्याला माकणीत शेंडेफळाची पूजा काकूंनी केली. कडी त्यांनीच काढली. दुसऱ्या दिवशी, करीला, महेश सकाळीच ट्रॅक्टर घेऊन लोहाऱ्याच्या रस्त्याला लागला. वळणावर शेळी आडवी आली. माणसं जमली, ट्रॅक्टर उचलला गेला, आणि त्या गर्दीत कुणीतरी मोठ्यानं बोललं, "कडी उघडीच हाय की!" काकू तिथं पोचल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "म्या काढली व्हती." त्यानंतर त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं. तेराव्यानंतर काकूंच्या भावानं ट्रॅक्टर नजरेआड केला. एका दलालाला दिला, दलालानं पुढं कुणाला दिला ते त्यालाही सांगता येईना.

अण्णांनी मनाशी एक धरलं होतं. कंपनी बुडायला लागली तेव्हा शेवटच्या मालात पातळ लोखंड वापरलं असणार. शेंडेफळाची कडी मुळातच कच्ची असणार, दणक्यानं आपोआप निसटणारी. तसं असेल तर काकूंनी ती काढली काय न काढली काय, सारखंच. हे एकदा डोळ्यांनी बघायचं आणि घरी येऊन काकूंना सांगायचं, एवढ्यासाठी सगळी वणवण.

मी विचारलं, "मग थोरला कशाला हवा?"

"ताडून बघाय नको? पयला कसा व्हता, शेवटचा कसा केला."

"त्यासाठी कुठलाही जुना चालेल की."

"मधल्यांचं खरं न्हाय सर. कुणी कडी बदलली, कुणी वेल्डिंग मारलं. थोरल्याला लोकं तसा हात लावत न्हाईत."

मला हे फारसं पटलं नव्हतं. मला वाटायचं, शेंडेफळ सापडायला नको म्हणून हे आधी थोरल्याला शोधतायत.

माझ्याकडं एक जुनी मोटार होती आणि रविवार मोकळे होते, त्यामुळे मी आपोआप सारथी झालो. अण्णा शेजारी बसायचे, मांडीवर पिशवी. पिशवीत काकूंनी बांधून दिलेली भाकरी आणि शेंगाची चटणी. वळण आलं की अण्णांचे दोन्ही पाय एकदम खालच्या मॅटवर दाबले जायचे. बोलणं चालूच असायचं, पाय मात्र आपलं काम करायचे. सुरुवातीला मला राग यायचा. माझ्या गाडी चालवण्यावर भरवसा नाही की काय! नंतर मीही वळण आलं की हळू घ्यायला लागलो.

गावोगाव आमची जी फजिती झाली तिला तोड नाही. अण्णा पारावर विचारायचे, "वृषभचा पयला ट्रॅक्टर हिकडं हाय म्हणं?" की लगेच चार माणसं उठायची. "आमचाच पयला!" कुणाच्या आजोबांनी गावात पहिल्यांदा आणलेला, कुणी भावकीत पहिल्यांदा घेतलेला. एका गावात तर दोन चुलतभाऊ 'पहिला कुणाचा' यावरून हमरीतुमरीवर आले, आणि तिथं मुळात वृषभ नव्हताच, दोन्ही दुसऱ्याच कंपनीचे होते. मी हसू दाबत होतो. अण्णा गंभीरपणानं दोघांचे ट्रॅक्टर बघून आले, दोन्हींच्या बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाले, "दोनी पयलेच हायत." परत येताना मला म्हणाले, "कुणाचा पयला काढून घिऊ नये सर."

थोरल्याचा एक माग मात्र पक्का होता. कंपनीच्या मालकांची कुलदेवता तुळजाभवानी. पहिला ट्रॅक्टर त्यांनी तुळजापूरला देवीपुढं आणला होता आणि मग तिकडच्याच एका शेतकऱ्याला दिला होता. त्यामुळे आम्ही तुळजापूरच्या बाजूची गावं पालथी घालत होतो आणि शेवटी तामलवाडीला एका घरी पोचलो. अण्णा नेहमीप्रमाणे मागं गेले. मी पुढं ओट्यावर बसलो. घरातली म्हातारी आजी, सगळे तिला जिजी म्हणत, आत देवपूजा करत होती. ताम्हणात देवांचे टाक चिंचेनं घासणं चाललं होतं. खंडोबा, भवानी, बहिरोबा, आणि त्यांच्यात एक लांबट पितळी पट्टी. तिलाही चिंच, तिलाही हळदकुंकू.

"जिजी, हा कुठला देव?" मी विचारलं.

"तेव व्हय? आमचा ट्रॅक्टर." जिजी म्हणाली. "इंजिन हिरीवर गेलं, बाकीचं मागं हाय. ह्यो त्याचा टाक करून ठिवलाय. कमवून घातलं त्यानं, त्याला काय उकिरड्यावर टाकायचं?"

मी पट्टी हातात घेतली. कारखान्यात तिच्यावर नंबर ठोकला असणार. पण इतक्या वर्षांच्या चिंचेनं ती आरशासारखी गुळगुळीत झाली होती. अण्णा मागून आले, त्यांनीही ती उन्हात तिरकी धरून बघितली. एक आकडा दिसत नव्हता. ज्याच्यासाठी जिल्हा पालथा घातला तो पुरावा जिजीनं भक्तिभावानं घासून टाकला होता. माझा तर जीव चडफडला. पण अण्णांनी पट्टी कपाळाला लावली आणि विचारलं, "जिजी, ह्याला देवीपुढं न्हेल्तं का?"

"न्हेल्तं की. म्याच ववाळलं त्याला. नवी नवरी व्हते. मालक म्हणले, ह्यो आमचा पयला, संबाळा. संबाळला."

"मग ह्योच," अण्णा मला म्हणाले. "नंबर काय करायचाय."

मागं बाभळीखाली थोरल्याचा सांगाडा उभा होता, त्याच्यावर कोंबड्या बसलेल्या. पेडलं जागेवर होती आणि कडीही होती. जाड, दणकट, बोटभर रुंद. अण्णांनी पिशवीतून कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाची वडी काढली, पाण्यात भिजवून मऊ केली आणि कडीवर दाबून तिचा ठसा घेतला. कडी मागून घेतली असती तर जिजीनं दिली असती. पण अण्णा म्हणाले, टाकाच्या देवाचं अंग तोडू नये. ती वडी त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळली, आणि घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

शेंडेफळ त्यानंतर फार काळ लागलं नाही. शोधलं तर ते आधीही सापडलं असतं, असं मला वाटतं. उमरग्याहून कर्नाटकच्या हद्दीकडं जाताना एका गावात एक माणूस ट्रॅक्टरवर पाण्याचा टँकर ओढतो, आणि लाल रंगाखाली निळं दिसतं, असं कुणीतरी बोलल्याचं अण्णांच्या कानावर आलं. आम्ही गेलो. त्या दिवशी अण्णा घराच्या मागं गेले नाहीत. ट्रॅक्टर दारातच उभा होता. त्यांनी बॉनेटवरचा लाल रंग नखानं जरा खरवडला, खालचा निळा बघितला आणि तिथंच मातीत बसले.

मालक तरुण माणूस होता, शिवप्पा. निम्मं कन्नड, निम्मं मराठी. त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं आनंदानं सांगायला सुरुवात केली. "लई चांगली गाडी हाय बगा अण्णा. समदं वरिजिनल. म्या कायबी बदललं न्हाय."

"कडी?" अण्णांनी विचारलं.

"कडी? आबाबाबा! तीबी कंपनीचीच. असली घट्ट हाय, काढायची म्हणलं तर हातोडी मारावी लागती. आपनआपुन निगायची बातच न्हाय."

अण्णांनी वडी काढली. कडीवर धरली. मी वाकून बघत होतो. मनात म्हणत होतो, बसू नको. कुठंतरी फट दिसू दे, कुठंतरी ढिली पडू दे. ती बसली. कारखाना बुडत असताना, पगार मिळत नसताना, त्या माणसांनी शेवटचा ट्रॅक्टर पहिल्यासारखाच बांधला होता. दुसऱ्या कुणाला याचा अभिमान वाटला असता. अण्णांनी वडी परत फडक्यात बांधली. गाठ मात्र त्यांना मारता येईना, ती मी मारली.

परत येताना ते वळणावळणाला पाय दाबत नव्हते. मला ते जास्त भीतीदायक वाटलं. उमरगा जवळ आल्यावर म्हणाले, "ही रीत म्या लावली सर. तिनं नुसती पाळली." महेशनंही निघण्याआधी बघायला हवं होतं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण गेलेल्याची चूक कुणी काढत नाही, आणि बापासमोर तर नाहीच.

घराशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. काकू जिन्याखाली ज्वारी निवडत बसल्या होत्या. अण्णांनी चपला काढल्या, समोर बसले आणि मी ऐकत असतानाच सांगितलं, "घावला गं. कडी पातळ निगाली. पत्र्यावानी. आपसूक निसटणारी व्हती."

आयुष्यात गिऱ्हाइकाला चार गोष्टी वाढवून सांगणारा हा माणूस. पण त्या दिवशी त्यांना खोटं नीट वठवता येईना.

काकूंनी सूप खाली ठेवलं. मी त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं त्याआधी कधी ऐकली नव्हती.

"पातळ कुटली? हातानं निगंना, म्हणून वरवंटा आनून ठोकून काढली म्या. अंगठा फुटला व्हता माजा. पातळ न्हवती ती."

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग मला फिरू कशाला दिलं?"

"फिरत व्हता म्हणून जेवत व्हता. भाकरी बांदून दिली की तेवडी तरी खात व्हता." काकूंनी पदरानं हात पुसले. "आता बास झालं. घरी ऱ्हावा."

अण्णा लहान मुलासारखे रडले. मी वर निघून आलो. त्या दोघांच्या मधे उभं राहायचा मला काय अधिकार?

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर काकू दगडावर अण्णांचे सदरे धूत होत्या. हातात ती पिवळी वडी होती. मी थांबून बघत राहिलो. काही दिवसांतच वडी झिजून संपली.

पुढं माझी बदली लातूरला झाली. अण्णा थकल्याचं, गुडघे गेल्याचं फोनवर कळायचं. ते स्वतःहून कधी फोन करत नसत. एका वर्षी मात्र केला. पोळा आठ-दहा दिवसांवर आला होता. म्हणाले, "सर, लोकं आजून कडी काढतेत. म्या सांगतो, नका काढू, तर आयकत न्हाईत. म्हणतेत, पूर्वीपासनंची रीत हाय." रीत लावणं सोपं, मोडणं महाकठीण.

त्या करीला मी मुद्दाम सकाळी लवकर लातूरहून निघालो आणि माकणीला गेलो; पोळ्याला अण्णा-काकू तिथल्या शेतावरच असायचे. दारादारांत ट्रॅक्टर उभे होते, बॉनेटवर हळदीचे पंजे, स्टिअरिंगला हार. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला अण्णा आणि काकू दिसले. अण्णा काठीवर भार टाकून उभे होते. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नव्हतं. वाकत होत्या त्या काकू. पदर खोचून त्या पेडलांपाशी वाकल्या होत्या, हातात छोटी हातोडी. घरमालक बाजूला अवघडून उभा होता.

हातोडीचे दोन ठोके ऐकू आले.

"बसली का गं?" अण्णांनी विचारलं.

"बसली."

"हलवून बगितलीस?"

काकूंनी पुन्हा एकदा हलवून बघितली. मग कमरेवर हात ठेवून उठल्या, अण्णांचा हात धरला आणि दोघं शेजारच्या घराकडं निघाले.